आजोबा गोव्यात जन्मले तर युरोपचा पासपोर्ट मिळतो, मग तासगावात जन्मले तर का नाही?

इन्स्टाग्राम उघडलं की अधूनमधून एक रील समोर येतंच. मागं रोमचं कलोसियम, पुढं कोट घातलेला एक गडी आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, आजोबांचा जन्मदाखला शोधा आणि इटलीचे नागरिक व्हा. खाली कमेंटमध्ये 'डिटेल्स पाठवा' म्हणणाऱ्यांची ही भली मोठी रांग.

आता तासगावच्या पोराचा इटलीशी संबंध काय, तर पिझ्झापुरता. पण त्याच रीलखाली कुणीतरी लिहितं, "भावा, इटलीचं सोड, गोव्यात तर आजोबांच्या दाखल्यावर पोर्तुगालचा पासपोर्ट मिळतो." आणि मग खरा प्रश्न पडतो. गोव्यावर पोर्तुगीजांनी राज्य केलं म्हणून तिथल्यांना पोर्तुगालचा पासपोर्ट मिळत असेल, तर आपल्यावर दीडशे वर्षं इंग्रजांनी राज्य केलं. आपल्याला ब्रिटनचा का नाही?

प्रश्न दिसायला गमतीशीर आहे, पण त्याचं उत्तर सरळ नाही. ते शोधताना तासगावचे पटवर्धन लागतात, लिस्बनच्या तुरुंगातला एक सांगलीकर लागतो आणि यशवंतराव चव्हाणांची एक सहीपण लागते.

आधी एक हिशोब मांडू.

समजा, १९४० साली तीन घरांत पाळणा हलला. एक तासगावात, एक सांगलीत आणि एक गोव्यातल्या पेडण्यात. तिन्ही घरांत देवाला हात जोडले, तिन्ही घरांत पेढे वाटले आणि तिन्ही घरांत गणेश चतुर्थीला गणपती बसतो. पण कायद्याच्या नजरेत ही तीन बाळं तीन वेगवेगळ्या राज्यांची माणसं होती.

तासगाव म्हणजे पटवर्धनांची जहागीर. परशुरामभाऊ पटवर्धनांचं ते सात मजली गोपुराचं गणपती मंदिर आणि ऋषिपंचमीचा रथ हा त्याच काळाचा वारसा. पण १८४८ साली ही जहागीर इंग्रजांनी खालसा केली आणि पुढं तासगाव हा इंग्रजी मुलखातला, सातारा जिल्ह्यातला तालुका झाला. सांगलीत मात्र पटवर्धनांचं संस्थान स्वातंत्र्यानंतर विलीन होईपर्यंत टिकलं. त्यामुळं १९४० साली तासगावात जन्मलेलं बाळ ब्रिटिश प्रजाजन होतं, तर तिथून पंचवीसेक किलोमीटरवर सांगलीत जन्मलेलं बाळ संस्थानी प्रजा. इंग्रजांच्या कागदावर ते फक्त 'ब्रिटिश संरक्षित व्यक्ती' होतं. आज हे दोन्ही गावचे लोक एकाच कलेक्टर ऑफिसात रांगेला उभे राहतात, तो भाग वेगळा. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं.

तिसरं बाळ पेडण्याचं. ते पोर्तुगीज नागरिक. पोर्तुगालने १९५१ साली तर आपल्या राज्यघटनेत बदल करून गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच सागरापलीकडचा प्रांत आहे, असं लिहून टाकलं. म्हणजे त्यांच्या लेखी पेडणे आणि लिस्बन एकाच देशातली दोन गावं.

आता यातल्या पहिल्या दोघांचं पुढं काय झालं ते बघा.

१५ ऑगस्ट १९४७ ला भारत स्वतंत्र झाला. ब्रिटनने १९४८ मध्ये आपला राष्ट्रीयत्वाचा नवा कायदा केला, तो १ जानेवारी १९४९ पासून लागू झाला. त्यात साधारण असं ठरलं की, स्वतंत्र झालेले देश आपापले नागरिक कोण ते स्वतः ठरवतील, आणि ब्रिटनचं नवं नागरिकत्व मुख्यतः ब्रिटन आणि उरलेल्या वसाहतींशी जन्माचं किंवा बापाच्या बाजूचं नातं असणाऱ्यांना मिळेल. भारताने आपल्या राज्यघटनेच्या कलम ५ मध्ये आपले नागरिक कोण ते लिहिलं. हे कलम २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झालं होतं. बस्स, तासगावकर आणि सांगलीकर भारतीय झाले आणि ब्रिटनची वही बंद झाली.

म्हणजे इंग्रज गेले आणि जाताना हिशोब मिटवून गेले.

याला अपवाद होता तो पूर्व आफ्रिकेत गेलेल्या भारतीयांचा. केनिया, युगांडा तेव्हा अजून वसाहतीच होत्या, त्यामुळं तिथल्या अनेक भारतीयांकडं ब्रिटनचं नवं नागरिकत्व आलं. पण तासगावात राहून कुणाला ते मिळण्याचा रस्ता नव्हता.

पोर्तुगीजांनी हिशोब मिटवलाच नाही.

१९ डिसेंबर १९६१ ला भारतीय फौजांनी गोवा, दमण आणि दीव मुक्त केलं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार हे मानायलाच तयार नव्हता. त्याच्या लेखी गोवा अजून पोर्तुगालचाच होता, फक्त भारताने तो बळकावला होता. ही हट्टाची गोष्ट किती टोकाची होती, याचं उदाहरण सांगलीनंच बघितलंय.

मोहन रानडे. मूळ नाव मनोहर आपटे, जन्म सांगलीचा. गोवा मुक्तीच्या लढ्यात ते आझाद गोमंतक दलात गेले. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवर हल्ला करताना गोळी लागून पकडले गेले. पोर्तुगीजांनी त्यांना थेट पोर्तुगालला नेलं आणि लिस्बनजवळच्या काशियाशच्या तुरुंगात ठेवलं. १९६१ ला गोवा मुक्त झाला, तिथं तिरंगा फडकला, निवडणुका झाल्या, तरी ज्या गोव्यासाठी हा माणूस आत होता तो गोवा मुक्त झालाय हे त्यांचे जेलर मान्यच करत नव्हते. रानडे सुटले ते थेट जानेवारी १९६९ मध्ये.

१९७४ च्या एप्रिलमध्ये पोर्तुगालमध्ये क्रांती झाली, हुकूमशाही गेली आणि नवं सरकार आलं. मग ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार झाला आणि पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. पोर्तुगालकडून सही केली परराष्ट्रमंत्री मारिओ सुआरीश यांनी. भारताकडून सही होती परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांची. जन्मगाव देवराष्ट्रे, तेव्हाचा सातारा आणि आताचा सांगली जिल्हा. म्हणजे ज्या करारानं हा वाद संपला, त्यावर सही करणारा माणूस तासगावच्या शेजारचाच.

पण जमिनीचा वाद संपला तरी माणसांचं काय? पोर्तुगालच्या वहीत तर तोवर पेडण्याचं ते १९४० चं बाळ पोर्तुगीजच होतं. आता त्याचं वय झालं होतं ३४.

पोर्तुगालने जून १९७५ मध्ये एक कायदा केला. आफ्रिकेतल्या वसाहती स्वतंत्र होत होत्या, तिथल्या बहुतेक लोकांचं पोर्तुगीज नागरिकत्व त्या कायद्यानं गेलं. पण जुन्या 'पोर्तुगीज भारता'त जन्मलेल्यांसाठी त्यात वेगळी सोय ठेवली. ज्यांना आपलं पोर्तुगीज नागरिकत्व टिकवायचं असेल त्यांनी तसं सांगावं, टिकेल. पुढं १९८१ मध्ये पोर्तुगालचा राष्ट्रीयत्वाचा कायदा आला. त्यात पोर्तुगीज नागरिकाच्या परदेशात जन्मलेल्या मुलांना जन्माची नोंद केली की नागरिकत्व मिळतं.

हे दोन कायदे एकाला एक जोडा, की गोव्याचा रस्ता तयार होतो. १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्या माणसानं आपला जन्म लिस्बनमध्ये नोंदवायचा. त्याची नोंद झाली की तो जन्मापासून पोर्तुगीज. मग त्याचं लग्न नोंदवायचं. मग त्याची मुलं पोर्तुगीज नागरिकाची मुलं म्हणून नोंद होणार. मुलांची झाली की त्यांच्या मुलांची.

यातली मेख लक्षात घ्या. कागदोपत्री हे 'नवं नागरिकत्व मिळवणं' नाही. पोर्तुगालच्या नजरेत तो माणूस आधीपासूनच पोर्तुगीज होता, नोंद तेवढी राहिली होती. म्हणून या मार्गात भाषेची परीक्षा नाही, तिकडं जाऊन राहण्याची अट नाही. वाडवडिलांची नोंद न करता थेट 'नातू' म्हणून अर्ज करायचं वेगळं कलम आहे, तिथं मात्र पोर्तुगीज भाषा येते का ते बघतात.

आणि हे फक्त ख्रिश्चनांसाठी आहे, हा एक मोठा गैरसमज. परदेशी गेलेल्यांमध्ये सासष्टी, बारदेशचे ख्रिश्चन जास्त दिसतात हे खरं, पण कायद्यात धर्माचा उल्लेख नाही. पेडणे, सत्तरी, डिचोलीतल्या मराठी बोलणाऱ्या हिंदू घरांनाही तोच नियम. इतकंच काय, तेरेखोल नदीच्या अलीकडं, आरोंदा आणि सावंतवाडीच्या बाजूला, ज्यांचं आजोळ गोव्यात आहे अशी कितीतरी घरं आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडं रीत. त्या रीतीपायी कोण कुठल्या देशात जन्मलं हे ठरायचं.

हे सगळं ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात माणसं अडकतात ती नावात.

पोर्तुगीज दप्तरात नोंदी पोर्तुगीज उच्चारानं व्हायच्या. शेणॉयचं 'सिनाय', प्रभूचं 'पोरोबो', पैचं 'पोय', कामतचं 'कामोतीं'. नाईकाच्या स्पेलिंगमध्ये 'के' नाही, शेटच्या स्पेलिंगमध्ये 'श'च्या जागी एक्स. १९६१ नंतर त्याच माणसाची रेशनकार्डावर, शाळेच्या दाखल्यावर, आधारवर इंग्रजी पद्धतीनं वेगवेगळी स्पेलिंगं आली. लिस्बनमधल्या कारकुनासमोर पोरोबो आणि प्रभू ही दोन वेगळी माणसं असतात. मग ती एकच आहेत हे सिद्ध करत बसा. त्यात लग्नाची नोंद नसेल, पहिली बायको वारल्यावर दुसरं लग्न झालं असेल, जन्मतारीख एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरी असेल, तर वर्षं जातात.

तरी गोवेकरांचं एका बाबतीत बरं म्हणायचं. पोर्तुगीजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तिथं जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद लावून दिली होती, त्यामुळं शोधायला दप्तर तरी आहे. आपल्याकडं काय, अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला. गुरुजींनी शाळेत नाव घालताना टाकलेली तारीख आजोबांनी आयुष्यभर वापरली.

या नावांच्या घोळातच एजंटांचा धंदा चालतो. काही एजंट रीतसर कामं करतात, पण गोवा आणि दमणमध्ये बनावट जन्मदाखले बनवून, गोव्याशी काडीचा संबंध नसलेल्या लोकांना गोव्यात जन्मलेल्यांची मुलं दाखवल्याचे गुन्हेसुद्धा दाखल झालेत. त्यामुळं 'कागद आम्ही तयार करतो' असं कुणी म्हणालं, की समजून जायचं.

आता दुसरी बाजू. भारताच्या वहीत काय लिहिलंय?

गोवा मुक्त झाल्यावर तीनच महिन्यांत, २८ मार्च १९६२ ला, भारत सरकारनं गोवा, दमण आणि दीव नागरिकत्व आदेश काढला. २० डिसेंबर १९६१ च्या आधी ज्याचा स्वतःचा किंवा आईवडील, आजी-आजोबांपैकी कुणाचाही जन्म तिथं झाला, तो २० डिसेंबर १९६१ पासून भारताचा नागरिक. अर्ज नाही, फॉर्म नाही. ज्याला आपलं आधीचंच नागरिकत्व ठेवायचं असेल त्यानं एका महिन्यात लेखी कळवायचं.

एक महिना! पुदुच्चेरीत फ्रेंच गेले तेव्हा तिथल्या लोकांना फ्रेंच राहायचं की भारतीय व्हायचं हे ठरवायला सहा महिने मिळाले होते. कारण तिथं करार होऊन सत्ता हस्तांतर झालं. गोव्यात सैन्य गेलं, करार झाला नाही, मग मुदतही तशीच.

त्या एका महिन्यात लेखी कळवणाऱ्यांमध्ये कांदोळीचे एक धर्मगुरू होते, मोन्सिन्योर मोंतेरो. त्यांनी सांगितलं, मी पोर्तुगीजच राहणार. सरकारनं त्यांना परदेशी नागरिक म्हणून नोंदवलं आणि राहण्याचा तात्पुरता परवाना दिला. त्याची मुदत १९६४ मध्ये संपली. मोंतेरोंनी तो वाढवून घेतला नाही आणि देशही सोडला नाही. आपल्याच गावात परवान्याशिवाय राहिल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला, ३० दिवसांची साधी कैद आणि ५० रुपये दंड झाला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. जिनिव्हा कराराप्रमाणे व्यापलेल्या प्रदेशातल्या रहिवाशाला बाहेर काढता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या कोर्टानं १९६९ मध्ये ते फेटाळलं. गोवा आता व्यापलेला प्रदेश नाही, तो भारताचा भाग आहे, आणि तुम्ही स्वतःहून परदेशी राहणं निवडलंय, असा त्याचा अर्थ.

रानडे आणि मोंतेरो, दोघांचे निकाल एकाच वर्षी लागले. एक सांगलीत जन्मून गोव्यासाठी पोर्तुगालच्या तुरुंगात गेला, दुसरा गोव्यात जन्मून पोर्तुगालसाठी भारताच्या कोर्टात.

थोडक्यात, पेडण्याचं ते बाळ १९६२ पासून दोन वह्यांत आहे. भारत म्हणतो हा आमचा, पोर्तुगाल म्हणतो सांगशील तर आमचा. आणि गोवेकरांची खरी अडचण इथंच सुरू होते, कारण भारत दोन नागरिकत्वं चालवून घेत नाही.

नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९. भारताच्या नागरिकानं स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. राजीनामा द्यावा लागत नाही, कुणी नोटीस पाठवावी लागत नाही, ते आपोआप जातं. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला, की तो या गोष्टीचा पक्का पुरावा मानला जातो. त्यानंतर भारतीय पासपोर्ट खिशात ठेवणं हा पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे, मग तो वापरा किंवा कपाटात ठेवा.

वाद होतो तो मधल्या लोकांचा. लिस्बनमध्ये जन्माची नोंद झालीय, पण पासपोर्ट अजून घेतलेला नाही, अशा माणसाचं काय? पोर्तुगाल म्हणणार हा आमचा नागरिक. तो माणूस म्हणणार, मी कुठं काय घेतलं, फक्त नोंद केली. गोव्यातल्या निवडणुकांत उमेदवारांवर आणि आमदारांवर याच मुद्द्यावरून आक्षेप आले, प्रकरणं गृहमंत्रालयापर्यंत गेली. कुणाच्या तरी आईवडिलांनी तो लहान असताना नोंद करून ठेवली, आणि त्याला स्वतःला ते निवडणुकीला उभं राहिल्यावर कळलं, असं म्हणणारेही निघाले.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर तर हा गोव्यातला प्रचाराचा मुद्दा झाला. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेले लोक भारतीय पासपोर्ट जमा करायला जायचे, तेव्हा त्यांना सरेंडर सर्टिफिकेट मिळायचं. ते दाखवून ओसीआय कार्ड काढता यायचं. पण पासपोर्ट ऑफिसनं, तुम्ही आधीच पोर्तुगीज झाला होता आणि ते लपवलं, असं म्हणत जमा करून घेण्याऐवजी पासपोर्ट रद्द करायला सुरुवात केली. आता सर्टिफिकेट नाही म्हणून ओसीआय नाही, आणि ओसीआय नाही म्हणजे आपल्याच गावातल्या घरात राहायला व्हिसा काढा. मुख्यमंत्री प्रमोद सावंतांना दिल्लीला हेलपाटे मारावे लागले, केंद्राची परिपत्रकं निघाली, नियम पुढंमागं होत राहिले.

मग ओसीआय म्हणजे नेमकं काय मिळतं? डिसेंबर २००५ पासून ही सोय सुरू आहे. नाव 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' असलं तरी हे नागरिकत्व नाही, आयुष्यभराचा व्हिसा म्हणा. भारतात कितीही दिवस राहता येतं, बहुतेक नोकऱ्या करता येतात, फ्लॅट घेता येतो. मत देता येत नाही. निवडणूक लढवता येत नाही. सरकारी नोकरीचं दार जवळपास बंद. आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

हा शेवटचा मुद्दा गोव्यात एखादवेळेस हसण्यावारी जाईल, तासगावात नाही जाणार. इथं पोरगा सॉफ्टवेअरमध्ये गेला तरी बाप त्याच्या नावावर दोन एकर द्राक्षबाग करून ठेवतो. ओसीआय कार्डवाल्याला वडिलोपार्जित शेती वारसानं मिळू शकते, पण शेजारची बाग विकायला निघाली तर त्याला एक गुंठाही खरेदी करता येणार नाही. बेदाण्याचे पैसे कितीही येऊ देत.

बरं, एवढं सगळं करून गोवेकरांना मिळत काय होतं? खरं सांगायचं तर अनेकांना पोर्तुगाल नको होतं, लंडन हवं होतं. पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे युरोपियन युनियनचा पासपोर्ट, आणि ब्रिटन युनियनमध्ये होता तोवर त्यावर तिथं थेट जाऊन काम करता यायचं. साउथहॉल आणि स्विंडनमध्ये गोवेकरांच्या वस्त्या उभ्या राहिल्या त्या अशा. ३१ डिसेंबर २०२० ला ब्रेक्झिटची मुदत संपली आणि तो रस्ता बंद झाला. आधी जाऊन राहिलेल्यांचे हक्क टिकले. पण आज नव्यानं पोर्तुगीज पासपोर्ट काढणाऱ्याला लंडनमध्ये नोकरी करायची तर इतर कुणाही परदेशी माणसासारखा व्हिसा लागतो. 'पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला सेटल व्हा' असं अजूनही सांगणारी रील आहेत. ती जुनी झाली आहेत किंवा खोटी आहेत, दोन्हीचा परिणाम एकच.

आता परत त्या कलोसियमवाल्या गड्याकडं येऊ.

इटलीची गोष्ट वेगळ्या कारणानं तशीच आहे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात इटलीतून लाखो गरीब माणसं अर्जेंटिना, ब्राझील, अमेरिकेला गेली. इटलीनं नागरिकत्व रक्ताच्या नात्यावर बेतलं, आणि पिढ्यांची मर्यादा ठेवली नाही. १७ मार्च १८६१ ला इटलीचं राज्य झालं, त्यानंतर हयात असलेला कुणी पूर्वज इटालियन होता आणि मधल्या कुणी पुढच्या पिढीच्या जन्माआधी ते नागरिकत्व सोडलं नाही, एवढं दाखवलं की पणतूसुद्धा इटालियन. एकच विचित्र गाठ होती. इटलीची राज्यघटना १ जानेवारी १९४८ ला लागू झाली, त्याआधी जन्मलेल्या मुलाला आईकडून नागरिकत्व मिळत नव्हतं. अशांना कोर्टात जावं लागायचं. (हसू नका, भारताच्या कायद्यातही परदेशात जन्मलेल्या मुलाला फक्त बापाकडून नागरिकत्व मिळायचं. आईचं नाव त्यात आलं १९९२ मध्ये.)

अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष हावियेर मिलेई यांनासुद्धा डिसेंबर २०२४ मध्ये याच नात्यानं इटलीचं नागरिकत्व मिळालं. त्यावरून इटलीत बराच गदारोळ झाला, कारण इटलीत जन्मून, तिथल्याच शाळेत शिकून मोठी झालेली परदेशी आईबापांची मुलं १८ वर्षांची होईपर्यंत थांबतात, आणि इथं आजोबांच्या नावावर काम होतं.

मार्च २०२५ मध्ये इटलीच्या सरकारनं वटहुकूम काढला, मे महिन्यात संसदेनं त्याचा कायदा केला. आता परदेशात जन्मलेल्यांसाठी साधारणपणे आईवडील किंवा आजी-आजोबा, एवढ्याच दोन पिढ्या धरल्या जातात. पणजोबावाला रस्ता नव्या अर्जदारांसाठी बंद. म्हणजे ज्या रीलमध्ये पणजोबा शोधायला सांगतात, तो सल्ला शिळा झालाय.

आणि इटलीत स्वतः कष्ट करून नागरिक व्हायचं असेल, जसं उत्तर इटलीत गाईगुरांच्या गोठ्यांवर काम करणारे पंजाबी लोक होतात, तर युरोपबाहेरच्या माणसाला दहा वर्षं कायदेशीर वास्तव्य दाखवावं लागतं. ती मुदत पाच वर्षं करावी म्हणून जून २०२५ मध्ये सार्वमत झालं, पण निम्मे मतदारसुद्धा मतदानाला आले नाहीत, त्यामुळं ते बाद झालं.

मग तासगावच्या पोराच्या हातात 'आजोबांच्या नात्यातलं' काहीच नाही का? एक आहे, फक्त ते उलट्या दिशेनं चालतं, आणि परदेशी गेलेल्या मराठी घरांत हमखास राहून जातं.

भारतही रक्ताच्या नात्यानं नागरिकत्व देतो. तासगावचं एखादं जोडपं नोकरीसाठी मिलानला किंवा लिस्बनला गेलं आणि बाळ तिकडं झालं, तर ते बाळ भारतीय होऊ शकतं. पण ३ डिसेंबर २००४ पासून त्याला अट आहे. जन्मापासून एका वर्षाच्या आत तिथल्या भारतीय वकिलातीत त्याची नोंद करायची, आणि बाळाकडं दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांनी लिहून द्यायचं. वर्ष उलटून गेलं तर केंद्र सरकारची परवानगी काढत बसावं लागतं. इटलीत परदेशी आईबापांच्या बाळाला नुसतं तिथं जन्मल्यामुळं सहसा इटलीचं नागरिकत्व मिळत नाही, आणि वकिलातीत नोंद राहिली, तर त्या बाळाकडं सुट्टीला आजीकडं तासगावला यायलासुद्धा कुठलाच पासपोर्ट नसतो.